निखतची दोन मिनिटं बारा सेकंद

१० नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली. शाळा उघडली आणि पहिल्याच दिवशी मोठ्या मॅडमनी बोलावून घेतलं. मोठ्या मॅडम म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, सुलक्षणा मॅडम. त्या बोलावतात तेव्हा बहुधा मांडवाचं, लाउडस्पीकरचं नाहीतर पाहुण्यांच्या नारळाचं काम असतं. शाळेतला खेळाचा शिक्षक म्हणजे लग्नघरातला रिकामटेकडा पुतण्या, दिसला की जुंपायचा. चोवीस वर्षं मी तो पुतण्या आहे.

आज मात्र त्यांनी एक पत्र पुढे केलं. जिल्ह्याच्या क्रीडा वसतिगृहाचं. आमच्या नववीतल्या निखत रमजान मुलाणीने शारीरिक क्षमता चाचणीत सहाशे मीटर अंतर दोन मिनिटं बारा सेकंदांत तोडलं, ही तालुक्यातली सर्वोत्तम वेळ आहे, सबब तिला १८ जानेवारीला पुण्यात निवड चाचणीसाठी पाठवावं. तिथे दोन वीसच्या आत जी मुलगी येईल तिला वसतिगृहात जागा. बारावीपर्यंत राहणं, जेवण, शिक्षण, सगळं फुकट. आणि खाली बारीक अक्षरांत: नोंदीत व प्रत्यक्षात मोठी तफावत आढळल्यास शाळेच्या सर्व नोंदी तपासण्यात येतील.

"अभिनंदन, ढमाले सर," मॅडम म्हणाल्या आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या.

"सगळं श्रेय मुलीचं," मी म्हणालो. भीती वाटली की माझ्या अंगात फार नम्रता येते.

ही वही आज उघडली, कारण हे प्रकरण कुणाला सांगण्यासारखं नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

कपाटातून ऑगस्टचा तक्ता काढून पुन्हा बघितला. इथे तरी खरं लिहितो. निखत मुलाणी दोन बारात पळालेली नाही. ती पळालीच नाही, आणि तिच्या वर्गातली बाकीची चाळीस पोरंही पळाली नाहीत. तक्ता मी घरी सोफ्यावर बसून भरला. गेल्या वर्षीचे आकडे घेतले, प्रत्येकाला थोडं थोडं सुधारलं. गेल्या वर्षीचे आकडे त्याच्या आदल्या वर्षीचे सुधारून केलेले होते. याच चालीने गेलो असतो तर आणखी पाच वर्षांत आमचं रिहे खोरं ऑलिम्पिकला गेलं असतं. टीव्हीवर कबड्डी चालू होती, शेवटची चढाई, हजेरीतलं शेवटचं नाव निखतचं, आणि तीन बाराच्या जागी माझ्या हातून दोन बारा पडलं. एका पोरीला मी बसल्या जागी एक मिनिट बहाल केलं.

माझीही बाजू आहे. नववीला आठवड्यात खेळाचे दोन तास. मंगळवारचा गणिताचे बंडोपंत नेतात, शुक्रवारचा विज्ञानाच्या मॅडम. पोर्शन राहिलेला असतो. तो दर वर्षी राहतो. मी कधी नाही म्हटलं नाही, कारण खरं सांगायचं तर मला स्टाफरूममधली खुर्ची आवडायला लागली होती.

मधल्या सुट्टीत निखतला बोलावलं. फाट्यावर रमजानभाईंचं टायर-पंक्चरचं दुकान आहे, त्यांची ही मुलगी. उंच, काटकुळी, मागच्या बाकावर बसते, वर्षात दहा वाक्यं बोलत असेल. पत्र वाचून दाखवलं. तिने ते हातात घेऊन पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "सर, ती चाचणी कवा झाली?"

"बारा ऑगस्टला. तक्त्यावर तारीख आहे."

"बारा ऑगस्ट," तिने हळूच म्हटलं. "बरं."

"का गं?"

"काय न्हाई. दोन बारा म्हंजी लई भारी असतंय का सर?"

"तालुक्यात पहिलं."

ती पत्राकडे बघत राहिली. पोरगी विसरभोळी आहे, हे माझं नशीबच म्हणायचं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

फाट्यावर फ्लेक्स लागला. आठ बाय दहाचा. मधोमध कोंडाजीशेठ हात जोडून उभे (पुढच्या निवडणुकीला ते इच्छुक आहेत), कडेला त्यांचे नऊ कार्यकर्ते, आणि खाली कोपऱ्यात निखतचा ओळखपत्रावरचा फोटो. त्याच्याखाली 'मार्गदर्शक: श्री. अण्णासाहेब ढमाले सर'. चोवीस वर्षांच्या नोकरीत माझं नाव पहिल्यांदाच इतक्या मोठ्या अक्षरांत आलं, आणि मला गाडी तिथून पुढे न्यायची हिंमत होईना.

रमजानभाईंनी दुकानातून हाक मारली. काळे हात पुसून पेढ्यांचा बॉक्स उघडला. "सर, चौदा वर्सं पोरगी माझ्या डोळ्यांपुढं हाय. मला काय दिसलं न्हाई तिच्यात, ते तुमाला दिसलं. दहावीनंतर तिला पुढं कसं शिकवायचं ह्याच्या काळजीत व्हतो मी. तुमी सोडवलं बघा."

पेढा मी घरी नेतो म्हणून रुमालात बांधला. रमजानभाई पाणी घेऊन आले.

आता एकच मार्ग उरला आहे. जे लिहिलं ते खरं करून दाखवायचं. नऊ आठवडे आहेत.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी साडेसहाला मैदानावर. आमच्या मैदानाची एक फेरी एकशेवीस मीटर, म्हणजे सहाशेला पाच फेऱ्या. शिट्टी वाजवली. पहिली फेरी वाऱ्यासारखी. तिसऱ्या फेरीनंतर ती थांबली, कमरेवर हात ठेवून वाकली. मला वाटलं, संपलं. पण ती परत निघाली.

"किती सर?"

"थंडीमुळे जरा जास्तच..."

"किती?"

"तीन मिनिटं चार सेकंद."

तिने ओठ हलवत हिशोब केला. "म्हंजी दोन वीसला चव्वेचाळीस कमी करायचे." मग चपला पायात सरकवत म्हणाली, "उद्या कवा यायचं?"

माझा जीव चव्वेचाळीस सेकंदांत अडकला आहे आणि हिला काही वाटतच नाही. पोरांना जबाबदारीची जाणीव नसते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज धाडस केलं. बंडोपंतांना म्हटलं, नववीचा तास मला परत पाहिजे. भांडण होईल म्हणून तीन वाक्यं पाठ करून गेलो होतो. ते लगेच उठले. "न्या. मी फक्त कट्ट्यावर बसून बघू का?"

बसले. मांडीवर कागद, हातात घड्याळ. तास संपल्यावर त्यांनी तो कागद माझ्या हातात दिला. पस्तीस मिनिटांचा तास. ओळी लावणे नऊ मिनिटं. हजेरी पाच. सावधान-विश्राम चार. ढमाले सरांचं भाषण सात. चेंडू गटारातून काढणे चार. पोरांची हालचाल सहा. आणि खाली अधोरेखित करून: भिंतीजवळच्या मुलींची हालचाल शून्य.

माझं डोकं फिरलं. "तुमच्या तासाला पोरं किती मिनिटं गणित करतात, तेही मोजू का मी?"

"मोजा," ते म्हणाले. "मला भीती वाटते म्हणून मी मोजत नाही."

मग चहा पिताना उगाचच म्हणाले, "बारा ऑगस्टलाही मंगळवारच होता, नाही का? नववीच्या समांतर रेषा मी त्याच दिवशी संपवल्या." मी पटकन दुधाच्या भावावर आलो. निवृत्तीला एक वर्ष राहिलंय, जुन्या तारखा घोळवत बसतात बिचारे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

बंडोपंतांचा कागद आठवडाभर खिशात टोचत होता. आज ओळी बंद. भाषण बंद. पोरांनी पळत पळत माझ्यासमोरून जायचं आणि आपापला नंबर ओरडायचा, तीच हजेरी. चेंडू एक असतो म्हणून तीस पोरं बघत बसतात, तर जुन्या टायरांतून उड्या, दोरी, लंगडी, एकेका कोपऱ्यात एकेक खेळ, चार मिनिटांनी शिट्टी की पुढचा कोपरा. टायर रमजानभाईंनी दिले, बारा.

शंभूच्या पोटात दर खेळाच्या तासाला दुखतं. त्याला स्टॉपवॉच दिलं आणि सांगितलं, कोपऱ्याकोपऱ्यांत जाऊन वेळ सांगायची. घड्याळ हातात आल्यावर पोराची ऐट बघण्यासारखी. सगळ्यांत जास्त तोच पळाला, आणि त्याला ते कळलंही नाही.

बंडोपंतांचा आकडा: बावीस मिनिटं. भिंतीजवळ कुणी नाही. त्यांनी कागदावर आधी 'छान' लिहिलं होतं आणि मग खोडलं होतं. खोडलेलंही वाचता येतंच.

४ डिसेंबर, गुरुवार

निखत २:५२. सकाळी ती रस्त्याने फार्महाऊसांपर्यंत पळते, मी गाडीवरून मागे. आज ती थांबली आणि म्हणाली, "सर, गाडीचा धूर नाकात जातोय. तुमी पण पळा की."

मी कबड्डीत जिल्हा खेळलोय. अर्थात ते वर्ष वेगळं होतं. दोनशे पावलं पळालो आणि फार्महाऊसच्या फाटकापाशी दगडावर बसलो. वॉचमन बाहेर आला, "क्या हुआ चाचा, एम्बुलेंस बुलाऊँ?" निखत हसत हसत खाली बसली. तिचं हसणं मी आज पहिल्यांदा ऐकलं.

१३ डिसेंबर, शनिवार

२:३९! बंडोपंतांनी तिची चूक पकडली. पहिली फेरी ती तेवीस सेकंदांत मारते आणि शेवटची अडतीसमध्ये. "कर्ज काढून सण करतेस तू," त्यांनी तिला सांगितलं. "फेरीला सव्वीस. पहिलीला सव्वीस, पाचवीलाही सव्वीस. सव्विसाचा पाढा म्हणत पळ." आता ती खरंच पाढा म्हणत पळते. सव्वीस, बावन्न, अठ्ठ्याहत्तर. सकाळी साडेसहाला हा गणिताचा माणूस मफलर गुंडाळून मैदानावर का येतो, ते मला समजत नाही. मी त्यांना बोलावलेलं नाही.

घरी बायको म्हणाली, "आवं, तुमचा पट्टा बघा, आता दोन भोकं आत लागतोय." चामडं हलकं निघालं. पौडच्या दुकानदाराला विचारलं पाहिजे.

१९ डिसेंबर, शुक्रवार

चार दिवस झाले, वेळ २:३७वर अडकली आहे. रोज तेच. महिना उरला आणि सतरा सेकंद बाकी आहेत.

आज मी जे केलं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. सराव झाल्यावर तिला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "निखत, जानेवारीत एखादे वेळी पाय मुरगळू शकतो. खेळाडूंचं असं होतं. मग जायची गरज नाही. कुणी काही म्हणणार नाही. नोंद तशीच राहील."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. घरातल्या मोठ्या माणसाला काहीतरी खाली पाडताना बघितलं की पोरं बघतात तशी.

"माझा पाय बरा हाय, सर," ती म्हणाली आणि दप्तर उचलून गेली.

मला वाटतं, मी तिला कमकुवत समजतो असा तिचा गैरसमज झाला.

२० डिसेंबर, शनिवार

आली नाही.

बंडोपंत आणि मी अर्धा तास रिकाम्या मैदानावर उभे होतो. शेवटी मीच म्हटलं, बरं नसेल तिला. ते म्हणाले, "तिला बरं आहे, ढमाले." आणि मफलर आवळून निघून गेले.

मला माझी लाज वाटते आहे. लोकांना कळेल म्हणून वाटायची ती नाही, ती जुनी होती. ही दुसरी.

२२ डिसेंबर, सोमवार

साडेसहाला पोचलो तर मैदानावर सात मुली. निखत, तिच्या वर्गातली सायली, आणि भिंतीला टेकून उभ्या राहायच्या त्या सगळ्या. माफी मागायची होती, पण विद्यार्थिनीची माफी कशी मागतात ते चोवीस वर्षांत शिकलो नाही.

"निखत, परवाचं मी जे बोललो..."

"सर, भाताची खाचरं मोकळी झाल्यात," तिने मला मधेच तोडलं. "भुई मऊ हाय. बांधावरनं उड्या मारत वर टेकाडापातूर जाता येतंय. तितं पळू?"

गेलो. आठ जणं. कापलेल्या भाताच्या खुंटांमधून, एकेक बांध ओलांडत, टेकाडाच्या वळणापर्यंत आणि परत. मी पूर्ण गेलो. चालत नाही, पळत. शेवटच्या बांधावर सायलीने हात दिला, एवढंच.

३ जानेवारी, शनिवार

२:२४.

आज चार आकडे लिहितो, कारण दुसरं काही लिहायला सुचत नाही इतका आनंद झालाय. २:३७, २:३१, २:२८, २:२४. खाचरांनी काम केलं. बांध चढून पाय तयार झाले, आणि सोबतीला मुली असल्यावर थांबायची लाज वाटते असं निखतच म्हणाली. सायली २:५०च्या आत आली आहे आणि तिला कुणी पत्र पाठवलेलं नाही.

१० जानेवारी, शनिवार

२:१७! दोन वीसच्या आत. मी शिट्टी इतकी वाजवली की शिपाई शाळा सुटली समजून फाटक उघडायला आला. बंडोपंतांनी घड्याळ तीनदा बघितलं आणि मग मला, होय मला, मिठी मारली. त्यांच्या खिशातला खडू माझ्या शर्टाला लागला.

सुटलो. नोकरी वाचली, नाव वाचलं, नोंद वाचली.

१५ जानेवारी, गुरुवार

संक्रांतीचा तिळगूळ घेऊन कोंडाजीशेठ शाळेत आले. "ढमाले सर, पोरगी पुण्याला नंबर काढणार हे आता पक्कं हाय. आदर्श क्रीडाशिक्षक म्हणून तुमचं नाव लावून धरतो मी वर. सत्कार आपल्या गावात. शाल, श्रीफळ, मिरवणूक, समदं माझ्याकडं."

इतकी वर्षं याच वाक्याची वाट बघितली होती, ती आज संपली. छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू.

ते गेल्यावर मोठ्या मॅडम म्हणाल्या, "प्रस्तावाला तुमचा ऑगस्टचा तक्ता जोडावा लागेल. मूळ प्रत. तोच तर पुरावा. जोडू ना?"

"जोडा की."

त्यांनी चष्मा काढला. "जोडू ना, ढमाले सर?"

एकच गोष्ट दोनदा विचारायची त्यांना सवय लागली आहे. कामाचा ताण असेल. मी हो म्हटलं आणि बाहेर आलो. पण घरी येईपर्यंत तिळगूळ तोंडात कडूच लागत राहिला. पोरगी थंडीत उठली, खाचरं तुडवली, सव्विसाचा पाढा म्हणत रक्त आटवलं, आणि शाल मात्र सोफ्यावर बसून लिहिलेल्या तक्त्याला. ती जितकी चांगली पळेल तितकं माझं खोटं पक्कं होणार. हे आधी कसं लक्षात आलं नाही?

१८ जानेवारी, रविवार

सगळं क्रमाने लिहितो.

पहाटे रमजानभाईंनी मित्राचा टेम्पो आणला. मागे नववीतली सोळा पोरं, पुढे निखत, मी आणि बंडोपंत. पुण्याचं मैदान बघितलं आणि निखतचा चेहरा उतरला. चारशे मीटरची लांबलचक लाल धावपट्टी. सहाशे म्हणजे फक्त दीड फेरी. तिच्या सव्विसाच्या पाढ्याला इथे फेरीच नव्हती.

"सर, मला कळणार न्हाई कुटं किती झालं," ती म्हणाली. आवाज कापत होता. नऊ आठवड्यांत तो मी पहिल्यांदा कापलेला ऐकला.

बंडोपंतांनी पँट वर ओढली आणि कठड्याबाहेरून चालायला लागले. पावलं मोजत. एकशेवीस मीटरवर शंभूला उभं केलं, दोनशेचाळीसवर सायलीला, तीनशेसाठवर ओमला, चारशेऐंशीवर झीशानला. आम्हा तिघांची घड्याळं आणि शाळेचं स्टॉपवॉच पोरांच्या हातात गेलं. "शंभू, तुझ्याकडे सव्वीस सेकंद झाले की हात वर. सायली, बावन्न. ओम, अठ्ठ्याहत्तर. झीशान, एकशे चार. निखत, हात वर जायच्या आत तिथे पोच. बाकी काही बघू नकोस."

चौदा मुली होत्या रेषेवर. बहुतेकींच्या पायांत काट्याचे बूट. निखतच्या पायांत सायलीचे कॅनव्हासचे.

गोळी सुटली. मी एवढा जिल्ह्याला खेळलेला माणूस, माझे डोळे आपोआप मिटले. उघडले तेव्हा ती शंभूला ओलांडत होती आणि त्याचा हात तिच्या मागे वर गेला. सायलीपाशी सातवी. ओमपाशी पाचवी, आणि ओमचा हात ती पुढे गेल्यावर दोन सेकंदांनी वर गेला. पुढच्या मुली आता मोडायला लागल्या होत्या, पहिल्या फेरीचं कर्ज त्यांना फेडायचं होतं. निखत तशीच. झीशान हात वर करायचं विसरून नुसता ओरडत होता. रमजानभाई कठड्याला धरून उभे होते, "पळ, बाळा, पळ," इतक्या हळू की शेजारच्यालाही ऐकू जाऊ नये. शेवटच्या सरळ पट्ट्यावर तिने दोघींना मागे टाकलं. तिसरी आली. आली आणि उभी राहिली. कमरेवर हात नाही, वाकणं नाही. नुसती उभी, आणि श्वास घेत होती.

फलकावर आकडा आला. दोन मिनिटं अकरा सेकंद.

मी रडलो. बंडोपंतही रडले असावेत, पण ते म्हणाले धूळ आहे.

निवड समितीच्या बाई हातात कागद घेऊन आमच्याकडे आल्या. हसत होत्या. "ढमाले सर कोण? नोंद दोन बारा, प्रत्यक्ष दोन अकरा. एका सेकंदाचा फरक! शाळांचे तक्ते आम्ही वर्षानुवर्षं बघतो, सर, बसल्या जागी भरलेले असतात. तुमचा तक्ता नमुना म्हणून सगळ्या शाळांना पाठवणार आहे मी."

सोळा पोरं भोवती उभी होती. निखत पाणी पीत होती. मला फक्त 'धन्यवाद' म्हणायचं होतं. जगातला कुठलाही माणूस मला पकडू शकत नव्हता.

"तो तक्ताही बसल्या जागीच भरलेला आहे, बाई," मी म्हणालो. "त्या दिवशी कुणीच पळालं नव्हतं. तीन लिहायचे होते, दोन पडले. आज जे झालं ते या मुलीने नोव्हेंबरपासून केलं. सुरुवात तीन चारने झाली."

त्यांचं हसू गेलं. त्यांनी एक कोरा कागद काढला. "हे लेखी द्याल?"

दिलं. तिथेच, कठड्यावर कागद ठेवून. सही केली, तारीख घातली. या वेळची तारीख खरी होती.

"मुलीची वेळ आमच्या घड्याळावरची आहे," बाई म्हणाल्या. "ती राहील. जूनपासून तिला पाठवा. तुमचं पत्र मात्र वर जाईल, सर. त्याचं काय होईल ते मी सांगू शकत नाही."

"जाऊ द्या," मी म्हटलं. आणि खरं सांगतो, मलाही ती दीड फेरी पळून यावंसं वाटलं.

मोठ्या मॅडमना फोन केला, आधी निकाल सांगितला, मग बाकीचं. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "मी तो तक्ता प्रस्तावाला जोडलाच नव्हता. तुम्ही नाही म्हणाल म्हणून वाट बघत होते." मला वाटायचं या बाई न वाचता सह्या करतात.

परतीच्या वाटेवर रमजानभाई गाडी चालवत होते. चांदणी चौक मागे गेला, भूगाव गेलं. मग समोर बघतच म्हणाले, "सर, तुमाला पोरीत काय दिसलं व्हतं म्हणून मी पेढं वाटलं."

"काही दिसलं नव्हतं, रमजानभाई. मी बघितलंच नव्हतं."

"व्हय." त्यांनी गिअर बदलला. "पर नंतर बघितलं. रोज सकाळी बघितलं. ते मला दुकानातनं दिसत व्हतं."

निखत मधे बसली होती. "मला पयल्या दिवसापासनं म्हाईत व्हतं," ती म्हणाली. "बारा ऑगस्टला मी पौडला मामूकडं व्हते. ताप व्हता."

मग सगळं एकदम ध्यानात आलं. तिचं ते 'बरं', बंडोपंतांच्या समांतर रेषा, मॅडमचं दोनदा विचारणं. अख्ख्या शाळेला माहीत होतं. एकट्या मलाच माहीत नव्हतं की त्यांना माहीत आहे.

"मग पळालीस कशाला?"

"कुणीतरी लिवलं व्हतं ना, मी तालुक्यात पयली हाय म्हणून. खोटं का असंना. आधी कुणी तेवढं बी लिवलं नव्हतं." तिने बुटाची नाडी सोडली. "पर सर, आज सांगितलं कशाला? खरं झालं व्हतं की."

"तुझं खरं झालं होतं," मी म्हणालो. "माझं नव्हतं."

तिने मान हलवली, गणित सुटल्यावर हलवते तशी. मागे पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत होती, शंभूचा आवाज सगळ्यांच्या वर. निखत वळून त्यांच्याकडे बघायला लागली.

"आणि ह्यांचं? चाळीस जणांचं तक्त्यावरचं कवा खरं करायचं?"

"उद्या," मी म्हणालो. "उद्या सगळ्यांची चाचणी घेतो. जे येईल ते लिहितो, तीन येऊ दे नाहीतर चार येऊ दे. पहिल्याच तासाला."

बंडोपंत खिडकीपाशी डोळे मिटून बसले होते. मला वाटलं झोपले. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"उद्या पहिला तास गणिताचा आहे, ढमाले," ते म्हणाले.

निखतने माझ्याकडे बघितलं. रमजानभाईंनीसुद्धा क्षणभर मान वळवली.

"दुसराही घ्या," बंडोपंत म्हणाले. "एक्केचाळीस पोरं आहेत. एका तासात मोजून व्हायची नाहीत."